तीन फ्रेमा आणि ‘उद्याच नेतो’ म्हणणारं गिऱ्हाईक

प्रश्न : आम्ही जुना वाडा सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलो. सासऱ्यांच्या बैठकीत तीन फ्रेमा होत्या : वेरूळचं कैलास लेणं, दौलताबादचा किल्ला आणि ताजमहाल. त्यांच्या वडिलांनी मुंबईत एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्या घेतल्या, असं सासरे सांगायचे. फ्रेमवाला म्हणाला, फ्रेमच्या पट्टीचे पाचशे मिळतील. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी येऊन गेला. तिन्हींचे मिळून चाळीस हजार, रोख, उद्याच नेतो म्हणाला. नणंदेचं म्हणणं, विकून तिघांत वाटणी करा. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात, त्यांना आठवण म्हणून कैलास हवं आहे. ताजमहालावर तांबडे डाग पडलेत. आमचे हे म्हणतात, काच काढून ओल्या फडक्याने पुसून घेऊ. मुलाने भिंगातून मोबाईलवर काढलेले फोटो सोबत पाठवते. काय करावं?
— नाव राखून, पुणे

ताई, नमस्कार.

आधी ते ओलं फडकं खाली ठेवायला सांगा. जुन्या छापील चित्रांवरचा रंग बहुतेक वेळा छापलेला नसतो, कुंचल्याने लावलेला जलरंग असतो. पाणी लागलं की तो दोनशे वर्षांनीसुद्धा उठतो. शिवाय कागदावरचे तांबडे डाग धुळीचे नसतात. दमट हवा, कागदातली अशुद्धता आणि बुरशी यांनी ते आतून आलेले असतात, त्यामुळे पुसून जात नाहीत, पसरतात मात्र नक्की.

आता भावाचं. फ्रेमवाल्याने पट्टीचा भाव सांगितला. त्याच्या धंद्यापुरता तो बरोबरच आहे, चित्राबद्दल तो काही बोललाच नाही. व्यापाऱ्यालाही लगेच चोर ठरवू नका. काचेआडचं चित्र कापलेलं आहे, चिकटवलेलं आहे की नकली आहे हे त्याला तरी कुठे माहीत? तेवढा धोका धरून त्याने आकडा ठोकला. एक मात्र ध्यानात घ्या. ज्याला वस्तू विकत घ्यायची आहे त्याने सांगितलेला आकडा ही त्याची बोली असते. तिला मूल्यांकन म्हणत नाहीत. आणि तिन्हींचा मिळून एकच भाव कोणी सांगितला, की समजायचं त्यातल्या एकासाठीच तो आला आहे. तुमच्या तीन फ्रेमांत काय आहे ते आधी ठरवू, पैशांचं मग बोलू.

ताजमहाल सगळ्यात सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. वाईट वाटून घेऊ नका, सोनेरी नक्षीची फ्रेम त्यालाच आहे हे फोटोत दिसतंय. पण मुलाने आभाळाचा जो भिंगातला फोटो काढलाय तो मोठा करून बघा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे वेगवेगळे ठिपके एका ठरावीक मांडणीत गोल करून बसलेले दिसतील. ही चार रंगांची ऑफसेट छपाई, विसाव्या शतकातली. चित्राखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत १८०१ साल आहे, म्हणून घरातल्या सगळ्यांना ते खरं वाटलं असणार. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी १७८९ मध्ये आग्ऱ्याला जाऊन ताजमहाल रेखाटला आणि त्याची दोन मोठी छापचित्रं १८०१ मध्ये लंडनला काढली, ही गोष्ट खरीच आहे. तुमच्याकडे त्यातल्या एकाची पुढे कधीतरी काढलेली नक्कल आहे. नक्कल करताना कॅमेरा खालची ओळही टिपतो, सालासकट. तेव्हा चित्रावर छापलेलं साल हा पुरावा धरायचा नाही. यजमानांना पुसायची फारच हौस असेल तर याची काच पुसा म्हणावं.

कैलासाकडे मात्र मी बराच वेळ बघत बसलो.

त्याच्या आभाळाच्या फोटोत ठिपके नाहीत. आटलेल्या तळ्यातल्या भेगाळलेल्या चिखलासारखी बारीक, वेडीवाकडी जाळी दिसते, आणि मुलाने तीन ठिकाणचे फोटो काढलेत त्यात कुठेही ती सारखी नाही. हे अ‍ॅक्वाटिंट या छपाईच्या जुन्या पद्धतीचं लक्षण. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून गरम करायची, म्हणजे कण पत्र्याला चिकटतात. मग पत्रा आम्लात धरायचा. कणांच्या मधल्या जागा खाल्ल्या जातात आणि त्यात शाई बसते. जिथे फिकं हवं तिथे लाख-वार्निश लावून आम्ल थांबवायचं, जिथे गडद हवं तिथे पुन्हा बुडवायचं. त्यामुळे छटा पायरीपायरीने गडद होतात, आणि दोन छटांमध्ये नीट काठ दिसतो. कैलासाच्या शिखराच्या सावलीत तुमच्या फोटोत असे काठ आहेत. हे एवढं बारकाईने सांगतोय कारण इथे एक फसगत होते. १८७९ नंतर आलेल्या फोटोग्रॅव्ह्युअरमध्येही, म्हणजे फोटोवरून पत्रा तयार करून केलेल्या छपाईतही, असाच कण वापरत, आणि नुसता कण बघून भलेभले फसतात. पण त्यात छटा फोटोसारख्या अलगद उतरतात, पायऱ्या नसतात. तुमच्याकडे पायऱ्या आहेत. शिवाय झाडाचा हिरवा रंग रेघेबाहेर सांडून काठाशी गोळा झालाय. हे यंत्राचं काम नाही, कुंचल्याचं आहे.

वेरूळचं जुनं रंगीत अ‍ॅक्वाटिंट म्हटलं की एकच संच पहिल्यांदा आठवतो, आणि त्याचा तुमच्या पुण्याशी जवळचा संबंध आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात होता. पेशव्याचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढणारा तोच. ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे वकील, चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याचं काम चाले, आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या गंगाराम तांबटाने काढलेली वेरूळची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. वेल्सने लेण्यांची रेखाटनं केली, पण १७९५ मध्ये साष्टीत लेण्यांचंच काम चालू असताना तो वारला. पुढे त्याचा जावई झालेल्या मॅलेटने ती रेखाटनं थॉमस डॅनियलकडे दिली, आणि त्यावरून वेरूळची २४ चित्रं १८०३ च्या सुमारास लंडनमध्ये निघाली. डॅनियल काका-पुतण्यांनी १७९५ ते १८०८ या काळात हिंदुस्थानातल्या वास्तूंची आणि निसर्गाची जी १४४ मोठी चित्रं काढली, त्यांतच हा वेरूळचा भाग मोजतात. पूर्ण संचाची तेव्हाची किंमत २१० पौंड होती. म्हणजे साहेबांतही ती सगळ्यांना परवडणारी नव्हती, आणि साहेबाच्या घरच्या लिलावात ती निघावी यात नवल काही नाही. आजेसासऱ्यांची गोष्ट जुळते. पण जुळणारी गोष्टही पुरावा धरायची नसते. ताजमहालही त्याच लिलावातून आला असं तुम्हाला सांगितलं होतंच की.

तर या कैलासाचं तीन बाबतींत तपासायचं आहे.

पहिलं माप. फ्रेम अडीच फूट बाय दोन फूट आहे असं तुम्ही लिहिलंत, पण फ्रेमचं माप मला नको. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, आत दिसणाऱ्या चित्राचं हवं, सेंटिमीटरमध्ये. मूळ मोठी आवृत्ती असेल तर चित्र साधारण दीड फूट बाय दोन फुटांच्या आसपास भरतं. डॅनियलनी १८१२ ते १८१६ मध्ये याच चित्रांची छोटी आवृत्तीही काढली. त्यातली पानं वहीच्या पानाएवढी, बहुधा तपकिरी एकरंगी. तीही खरीच, पण किमतीत जमीनअस्मानाचा फरक. छोट्या पानाला नंतर कोणी रंग दिला असेल तर तो रंग किंमत वाढवत नाही, उलट कमी करतो.

दुसरं, माउंटखाली काय आहे. तुमच्या फोटोत माउंटचा खालचा काठ थेट चित्रावर चढलाय, त्यामुळे चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव असलेली ओळ असेल तर ती झाकली गेली आहे. वेरूळच्या पानांवर रेखाटन जेम्स वेल्सचं आणि कोरीवकाम थॉमस डॅनियलच्या देखरेखीखालचं, असा उल्लेख असतो. पत्रा कागदावर दाबला गेल्याने चारी बाजूंनी उमटलेली खोलगट चौकटही तिथेच सापडेल. ती नसली तरी घाबरू नका. डॅनियलची पुष्कळ पानं त्या काळीच चित्राच्या काठाला कापून जाड कागदावर डकवली जात, हाताने काढलेल्या चित्रासारखी दिसावीत म्हणून. त्या काळी कापलेलं पान आणि गेल्या पिढीतल्या फ्रेमवाल्याने फ्रेमीत बसत नाही म्हणून कापलेलं पान, यांत फरक कसा करायचा ते जाणकाराला कळतं. फोटोवरून मला कळणार नाही.

तिसरं, कागद. प्रकाशासमोर धरला तर जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटलेली कारखान्याची खूण, दिसेल. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी छपाईत ‘जे. व्हॉटमन’ हे नाव आणि पुष्कळदा सालही सापडतं. चित्राखाली १८०३ आणि कागदात १८२० असं निघालं, तर पत्रा जुना आणि छाप नंतरची. पत्रा झिजत जातो, राळेचे बारीक कण आधी जातात आणि आभाळ सपाट दिसू लागतं. तांब्यावरच्या अ‍ॅक्वाटिंटचे चांगले छाप काही शेकड्यांपलीकडे निघत नाहीत, म्हणून आधीच्या छापाला मान. नंतर पोलादाचे पत्रे आले आणि हजारोंनी छाप काढता येऊ लागले. १८३० नंतरच्या पुस्तकांतली ताजमहालाची, घाटांची, मशिदींची बारीक रेघांची चित्रं जुन्या बाजारात ढिगाने मिळतात ती त्यामुळेच. जुनी असतात, दुर्मीळ नसतात.

दुसरी आणि तिसरी तपासणी फ्रेम उघडल्याशिवाय होत नाही, आणि फ्रेम तुम्ही उघडायची नाही. कागद काचेला चिकटला असेल तर उचलताना रंग काचेवरच राहतो. मागे गोंदाने पुठ्ठ्याला डकवला असेल तर सोडवणं हे कसबाचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्याही संवर्धनशाळा आहेत. तिथे चौकशी करा, ते स्वतः काम घेत नसतील तर कागदाचं काम जाणणारा माणूस सुचवतील. कागदाचा संवर्धक हवा, तैलचित्रांचा नको, हे आधी विचारून घ्या. जाताना फ्रेमची पाठ तशीच राहू द्या. हार्डबोर्डवर एक फाटकं लेबल आणि पेन्सिलीचे आकडे फोटोत दिसतात. पाठीमागे जुना इंग्रजी पेपरही लावलाय. पेपरच्या तारखेवरून चित्राचं वय कळत नाही, फ्रेम कधी केली तेवढंच कळतं, पण लिलावाच्या गोष्टीला तेवढाच आधार. आजेसासऱ्यांच्या वहीत कुठे खर्चाची नोंद सापडली तर सोन्याहून पिवळं.

माउंटचा तिरपा कापलेला काठ तपकिरी झालेला दिसतोय. तो आम्लयुक्त पुठ्ठा आहे, आणि त्याने चित्रावर चारी बाजूंनी करपल्यासारखी पट्टी आणली असणार. ती थांबवता येते, बरीचशी फिकीही करता येते. उडालेला रंग मात्र परत येत नाही. माउंटखाली झाकलेली आभाळाची पट्टी उघड्या आभाळापेक्षा निळी निघाली, तर किती रंग गेला ते कळेल, आणि किंमत त्याप्रमाणे उतरेल. कोणी ‘रंग परत भरून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दौलताबाद. हे चित्र लहान आहे, फूटभर रुंद, आणि खालच्या ओळीत किल्ल्याचं नाव जुन्या इंग्रजी वळणाने लिहिलंय. त्यापुढे नाव आहे कॅप्टन ग्रिंडलेचं. पश्चिम हिंदुस्थानातली स्थळं आणि वास्तू यांची ३६ रंगीत अ‍ॅक्वाटिंटं त्याने १८२६ ते १८३० मध्ये लंडनला काढली. दौलताबाद त्यात आहे, आपला बोरघाटही आहे. फोर्टातली ग्रिंडलेज बँक आठवते ना, ती याच गृहस्थाच्या १८२८ च्या पेढीतून वाढली. तुमच्या फोटोत कण अ‍ॅक्वाटिंटचाच वाटतो आणि रंग हाताचा वाटतो, त्यामुळे हे चित्र खरं असावं असं माझं मत. कैलासाइतका भाव याला येणार नाही, कारण माप लहान. पण महाराष्ट्रात दौलताबाद ओळखणारे आणि हौसेने घेणारे लोक आहेत, आणि अशा चित्राला त्या मुलखातच गिऱ्हाईक मिळतं. उजव्या कोपऱ्यात कसर लागून कागद विरलाय. बाकी कैलासाबरोबर यालाही संवर्धकाकडे न्या, दोन खेपा नकोत.

आता पैसे. एका चित्राच्या तीन किमती असतात आणि तिन्ही खऱ्या असतात. विमा उतरवायचा तर दुकानात तसंच दुसरं चित्र आज किती रुपयांना मिळेल ती किंमत, ही सगळ्यात मोठी. लिलावात हातोडा पडतो ती त्याहून बरीच कमी. आणि व्यापारी रोख देतो ती त्याहूनही कमी, कारण त्याला माल ठेवायचा, दुरुस्त करायचा, गिऱ्हाईक शोधायचं. लंडनचे व्यापारी डॅनियलच्या मोठ्या पानांना शेकड्यांपासून काही हजार पौंडांपर्यंत मागतात. ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे, आणि ती स्वच्छ, रंग शाबूत असलेल्या पानाची. मिळालेली किंमत बघायची तर क्रिस्टीज, सदबीज, बोनहॅम्स या लिलावगृहांचे आणि मुंबईतल्या पंडोल्स, सॅफ्रनआर्टचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर चाळा. तिथे दिसणाऱ्या आकड्यात बहुधा घेणाऱ्याकडून वसूल केलेलं कमिशनही धरलेलं असतं, आणि विकणाऱ्याचं कमिशन वेगळं कापलं जातं. आकडा वाचून नणंदबाईंना लगेच फोन करू नका.

वाटणीसाठी तुम्हाला लेखी मूल्यांकन हवं, आणि ते ‘वाटणीसाठी, चालू बाजारभावाने’ असं स्पष्ट सांगून घ्यायचं. नाहीतर विम्याची मोठी किंमत लिहून मिळते, आणि जो चित्र ठेवतो त्याला बाकीच्यांना फुगलेल्या भावाने पैसे द्यावे लागतात. मूल्यांकन करणारा ठरावीक फी घेणारा असावा, किमतीच्या टक्केवारीवर काम करणारा नको, आणि ‘मलाच द्या’ म्हणणारा तर अजिबात नको. अहवालात माप, छपाईचा प्रकार, कागद, नुकसान आणि फोटो हवेत. नुसतं ‘जुने दुर्मीळ चित्र, किंमत इतकी’ अशी चिठ्ठी कोणाच्या उपयोगाची नाही. पुढे विकायचं ठरलंच, तर चित्रं ही आयकराच्या दृष्टीने घरगुती सामानात मोडत नाहीत, नफ्यावर कर लागतो. वडिलोपार्जित वस्तूसाठी १ एप्रिल २००१ रोजीची बाजारभावाची किंमत धरता येते. त्या दिवसाची किंमतही त्याच अहवालात लिहून मागा आणि सीएंना दाखवा.

दिरांचं जरा अवघड आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून नेऊ, कोण बघतंय, असं कोणीतरी म्हणेलच. विमानतळावर सापडलं तर चित्रही जाईल आणि दिरांचं सुट्टीत येणं-जाणंही महागात पडेल. कैलास आणि दौलताबाद माझ्या अंदाजाप्रमाणे निघाले, तर ते इथेच राहणार. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. ताजमहाल दिरांना खुशाल नेता येईल, पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र तेवढं तिथूनच घेऊन ठेवा. कैलासाची चांगल्या स्कॅनवरून सुती कागदावर काढलेली प्रत न्यू जर्सीच्या भिंतीवर उत्तम दिसेल. फ्रेम उघडलेली असतानाच तो स्कॅन करून घ्या.

त्याच कायद्याने पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. तुमच्या व्यापाऱ्याला तो आहे का, एवढं सहज विचारा. उत्तर द्यायला तो किती वेळ लावतो ते बघा.

नणंदबाईंना तिसरा हिस्सा मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. मला विचाराल तर कैलास घरात ठेवावं, दौलताबाद विकावं किंवा नणंदबाईंकडे द्यावं, आणि अहवालातल्या किमतीचा हिशोब करून फरक हप्त्याहप्त्याने फेडावा. पुण्यात राहिलेल्या चित्रकाराच्या रेखाटनावरून निघालेलं वेरूळचं चित्र पुन्हा मिळायचं नाही, आणि चाळीस हजार तिघांत वाटले तर प्रत्येकाला एक बऱ्यापैकी फ्रीजसुद्धा येणार नाही. पण हे माझं मत झालं. घर तुमचं आहे.

तोपर्यंत तिन्ही फ्रेमा बाल्कनीसमोरच्या भिंतीवरून उतरवा. ऊन लागतंय ते फोटोत दिसतंच आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल मागून चढते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, सुती चादरीत गुंडाळून उभ्या ठेवा. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. आणि मला कैलासाच्या चित्राचं माप पाठवा, शेजारी पट्टी ठेवून काढलेल्या फोटोसह. मोठ्या आवृत्तीतलं आहे की छोट्या, ते तेवढ्यावरून सांगता येईल. मुलालाच काढायला सांगा, त्याचा हात स्थिर आहे.